धोंड्याच्या वाणातली राणी

आमच्या ह्यांची सांगलीत हळदीची अडत, पण जीव सगळा नाण्यांत. दोनशे वर्षांमागची, युरोपातल्या राजा-राण्यांची सोन्याची नाणी. मखमली डबीत ठेवतील, भिंगातून बघतील, मला बोट लावू देणार न्हाईत. येड, दुसरं काय!

तसलंच एक नाणं माझ्या माहेरी, आटपाडीकडं, देव्हाऱ्यात होतं. पणज्याला घोंगड्यांच्या बदल्यात मिळालेलं. एका अंगाला उभी राणी, दुसऱ्या अंगाला लेकरू घेतलेली बाई. आय तिला लेकुरवाळी म्हणायची, रोज हळदकुंकू वाहायची. ह्यांनी ते एकदा बघितलं, आणि शहाण्णवच्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाचं आवतण आलं तसा सरळ निरोप धाडला, "वाण म्हणून ते नाणंच द्या."

अधिकात जावयानं मागितलेलं वाण, आय न्हाई म्हणणार कशी? "आवं, कुणाचा देव मागता व्हय?" म्हणून मी लय भांडले. ऐकतंय कोण! माहेरचा उंबरा चढताना मला मान वर करवंना.

जेवणं झाली. भावकी बसलेली. आयनं ताट पुढं केलं. पुरणाचे धोंडे, आणि मधी ते नाणं. चिंचेनं घासून लख्ख केलेलं, सोनाराकडनं वर कडी डागून घेतलेलं, काळ्या गोफात ओवलेलं. जावईबापूंनी हौसेनं गळ्यात घालावं म्हणून.

ह्यांचं तोंडच उतरलं. "अरारा! वाटोळं केलंत की! कडी डागली, घासलं, जुनेपणच गेलं, आता कोण विचारतंय याला?"

आयला वाटलं, सोनं कमी पडलं. तिनं कानातली फुलं काढली, ताटात ठेवली, आणि ह्यांच्या पायावर डोकं टेकलं. "अडाणी हाय मी. पदरात घ्या."

धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माझी आय, सगळ्या भावकीदेखत!

हे गडबडून उठले. फुलं, नाणं, सगळं परत द्यायला लागले. आय मागं सरली. "दिलेलं वाण परत घेत न्हाईत, बापू."

एसटीपर्यंत ती पोचवायला आली. हे पुढं चाललेले. आयनं माझा हात धरून मला मागं ओढलं. भुंड्या कानावर पदर ओढत हळूच म्हणाली, "पल्लवे, घरी गेल्यावर तुला बोलतील का गं?"