ब्रेक बघून येते

ताईनं माझ्या भाचीसाठी स्कूटर आणली, पायानं ढकलायची. किंमत ऐकून माझं डोकंच सणकलं. “अगं, एवढ्यात दोन सायकली आल्या असत्या!”

या दुकानात सायकली दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली. कुठलंही चाक अधांतरी धरायचं, एक झटका द्यायचा आणि आकडे मोजायचे, ही माझी पारख. मुलांच्या स्वस्त स्कूटरचं चाक दहाच्या आत मान टाकतं. हिचं मोजायला लागले. वीस झाले, चाळीस झाले, चाक आपलं सुरूच! समोरचा शिंपी मशीन थांबवून माझ्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागला. साठ!

फळीखाली ‘शंभर किलोपर्यंत’ असं छापलं होतं, म्हणजे माझीही सोय होती. “ब्रेक बघून येते,” म्हणत मी दुकानापुढच्या उतारावरून सुटले. काय पळते बया! हातातला पाना हातातच राहिला. मागून भाची धावत ओरडत होती, “मावशी, आता मला दे ना!”

चौथ्या फेरीला ताईनं दुकानाच्या दारातून विचारलं, “काय गं, मुलांसाठी एवढे पैसे घालावेत का?”

“मुलांसाठी? अजिबात नाही!” मी ओरडले आणि पुन्हा उताराकडे वळले.