जेवून आलेला माणूस

"अवो सोमनाथभाऊ, ऊन डोक्यावर आलं! आता तरी बाहेर या त्या वाफ्यातनं!" खैरुन्निसा स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून ओरडली.

"ह्यो येवढा कोपरा झाला की आलोच, भाभी. हितलं पानी लई खारं. वरला पांढरा थर खरडला न्हाय तर मेथी जळंल."

"जळू दे मेली! आधी तुमीच जळाल."

तो हसला आणि खुरपं चालवत राहिला. माणदेशी हट्टापुढे कुणाचं चालत नाही, असं खैरुन्निसाचं मत होतं. ती स्वतः श्रीवर्धनची, म्हणजे हट्टात तीही काही कमी नव्हती.

अबुधाबीच्या बाहेर, मजऱ्यांच्या रस्त्याला हे स्वयंपाकघर होतं. मजरा म्हणजे इथलं शेत. चंद्रहास साहेबांनी एक पडीक मजरा भाड्यानं घेऊन तिथं डब्यांचा धंदा थाटला होता, आणि खैरुन्निसा तिथली मुख्य आचारीण. साहेब मनानं वाईट नव्हते. काम सुटलेल्या आपल्याकडच्या माणसांना ते दोन वेळ जेवायला घालत. नियम मात्र कडक: हातानं काम करील तोच जेवेल, आणि तीन महिन्यांपुढे कुणी नाही. "फुकटची सवय वाईट, भाभी," ते म्हणत. आता भुकेला कुठं मुदत कळते! पण हे भरल्या पोटाला कोण सांगणार?

सोमनाथचा आधीचा मजरा बंद पडला होता. जुन्या मालकाकडून कागद सुटेपर्यंत त्याला ना दुसरी नोकरी धरता येत होती, ना गावी जाता येत होतं. इथं कांदे सोलून उरलेल्या वेळात त्यानं मागची खारवट जमीन उकरली, लेंडीखत मिसळलं आणि वाळूत मेथी उगवून दाखवली. ती पाहिली की खैरुन्निसाला समुद्राकाठच्या माहेरची वाळूतली मेथी आठवायची.

त्याची मुदत शुक्रवारी संपत होती. अगदीच अडलेल्याला साहेब वाढवून देत, पण अडचण ज्याची त्यानं तोंडानं सांगायची.

"उद्या साहेब विचारतील," तिनं त्याला बजावलं. "सरळ सांगा, इथलं बंद झालं तर उपाशी मरीन. थोडं रडलात तरी चालेल."

"अन्नछत्रात जेवायचं आन वर मिरपूड मागायची? लोक काय म्हनतील, भाभी?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. सांगाल ना?"

"सांगतो," तो मान खाली घालून म्हणाला.

शुक्रवारी नमाजानंतर साहेबांची गाडी आली. सोमनाथ धावतच वाफ्यात गेला आणि मेथीची भलीमोठी जुडी उपटून घेऊन आला. "वहिनीसायबांस्नी द्या. कवळी हाय."

"अरे वा, सुपर्ब! वाळूत मेथी!" साहेब खूश झाले. "जेवलास का, सोमनाथ?"

"व्हय जी. भरपेट."

"मग पुढं कसं? मॅनेज होईल ना? काही प्रॉब्लेम?"

खैरुन्निसा दारातून डोळे मोठे करून त्याच्याकडं बघत होती. सोमनाथनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मातीनं भरलेल्या हातांकडं.

"तुमच्या आशीर्वादानं काय कमी न्हाय, सायेब."

"शाब्बास! माणूस असावा तर असा. खलास, ठरलं मग! आजपासून तुझी जागा दुसऱ्या गरजूला देतो."

"साहेब, खोटं बोलतोय तो!" खैरुन्निसा पुढं आली. "त्याच्या खोलीवर चूलसुद्धा पेटत नाही!"

"भाभी, तुम्ही सगळ्यांचीच वकिली करता," साहेब हसले आणि मेथी घेऊन गाडीत बसले.

गावाकडं जेवलात का विचारलं की उपाशी माणूसही हो म्हणतो. मग विचारणारा त्याचं ऐकत नाही, हाताला धरून पानावर बसवतो. अबुधाबीत लहानाचे मोठे झालेल्या साहेबांना पहिलं अर्धं ठाऊक होतं, दुसरं अर्धं कुणी शिकवलंच नव्हतं. खैरुन्निसाला त्यांचा राग आला, आणि सोमनाथचा त्याहून जास्त.

शनिवारी सकाळी बघते तर हा आपला वाफ्यात हजर.

"आता कशाला आलात?"

"उभं पीक टाकून कसं जाऊ? पानी तरी देतो."

दुपारी माणसं जेवायला बसली तसा तो खजुराच्या झाडामागं जाऊन पाठ करून बसला. खैरुन्निसाचं काळीज तुटलं. ती बाहेर गेली. "भाऊ, चला. दोन घास खाऊन घ्या."

"जेवूनच आलोय, भाभी."

"मला सांगता?"

"माझ्या जागी दुसरा आलाय. त्येच्या वाटचं खाऊ व्हय? नेम त्यो नेम."

हाताला धरून उठवावं असं तिला फार वाटलं. पण परक्या पुरुषाचा हात ती कशी धरणार? ती आत गेली, आणि रात्रीच्या डब्यांसाठी नुकतीच शिजलेली डाळ वाटी भरून घेऊन आली.

"बरं, जेवू नका. ही एवढी चाखून सांगा. मला आज चवच कळत नाही. मीठ बरोबर आहे का?"

हे काम होतं. कामाला तो नाही म्हणाला नाही. त्यानं हात धुतले, वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. दोन घोटांवर थांबायचं त्यानं ठरवलं असावं, पण वाटी खाली आली तेव्हा तिच्या तळाशी काही नव्हतं. त्याची मान शरमेनं खाली गेली.

"बराबर हाय, भाभी," तो म्हणाला. "मीठ अगदी बराबर हाय."

वाटी तिच्या हाती देऊन तो घाईघाईनं पाणी सोडायला गेला. खैरुन्निसा आत आली, पातेल्यातली डाळ पळीनं घेऊन जिभेवर टेकवली आणि तिथंच खाली बसली. डाळीत मीठ पडलंच नव्हतं.