रोवेनाने निवडलेला रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, पोलादी नळीचा, अक्रोडाच्या लाकडी मुठीचा, सहा गोळ्यांचा एक वयस्कर रिव्हॉल्व्हर आज तुमच्याशी बोलतो आहे. दचकू नका. या क्षणी माझी सहाही घरे रिकामी आहेत आणि मी कुलपाआड आहे. माझ्या जातीची हकीकत मुलांना सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण रोवेना प्रुइट या बाईबद्दल कुणीतरी सांगायला हवे, आणि तिची ती एक सकाळ माझ्याइतक्या जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दांड्याला भोक पाडून माझी नळी झाली. मला घासले, तापवले, निळसर काळी झिलई दिली. शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईने माझा चाप कितीतरी वेळा ओढून पाहिला, दर वेळी मला कानाशी धरून आवाज ऐकला, आणि मान हलवून पेटीत ठेवले. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी पश्चिमेकडच्या मोंटाना राज्यात आलो. रेल्वेच्या एका पहारेकऱ्याच्या कमरेला मी बावीस वर्षे लटकत होतो. त्याने मला माणसावर कधीच रोखले नाही. वर्षातून दोनदा नेमबाजीची परीक्षा असे, तेवढेच माझे काम. तो निवृत्त झाला आणि मी मोज्यांच्या खणात गेलो. तिथे मला कुणी पुसले नाही, तेलाचा थेंब दिला नाही. माझ्या नळीवर तांबूस डाग चढले. पुढे तो वारला. त्याच्या मुलीला माझ्याकडे बघवेना. तिने मला टॉवेलात गुंडाळले आणि विलो फॉर्क गावात गस लिंडक्विस्टच्या दुकानात आणून दिले.

गसच्या दुकानात मासेमारीचे गळ, शिकारीचे बूट, बंदुका आणि दिवसभर उकळत राहिलेली कडू कॉफी मिळे. गस सत्तरीचा, मोजके बोलणारा. त्याची बायको इंगा त्याच्या वाटणीचेही बोलून घेई. ती पूर्वी शेरीफच्या पोलीस कचेरीत होती, आता गावातल्या बायकांना नेमबाजी शिकवायची. दोघांनी माझा गंज काढला आणि मला काचेच्या कपाटात मांडले. शेजारी नवी कोरी पिस्तुले होती. गिऱ्हाइके त्यांच्याकडे बघत आणि माझ्यावरून नजर तशीच पुढे नेत.

एका ऑक्टोबरात रोवेना दुकानात आली. वय अठ्ठावन्न. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती पंचवीस वर्षे मुलांचे जेवण करत होती. नवरा, हार्लन, दोन वर्षांपूर्वी गेला होता. आठवड्यापूर्वी ती कामावरून घरी आली तेव्हा मागचे दार फोडलेले होते. हार्लनची हत्यारे, त्याची शिकारीची बंदूक, रेडिओ, सगळे गेले होते. शेरीफची गाडी यायला तास लागला. तेव्हापासून ती पलंगावर झोपतच नव्हती. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राही.

"पहिल्यांदाच घेतेयस ना?" गसने विचारले.

"हो. घरासाठी. एकटी असते मी."

"चालवलंयस कधी?"

"हार्लनची बंदूक, एकदाच. खांदा आठवडाभर दुखत होता. आणि तो हसतोय आपला!"

काउंटरला टेकून कॉफी पिणारे एक गिऱ्हाईक लगेच मदतीला धावले. "ते छोटं दे तिला, गस. बायकांना बरं पडतं. पर्समध्ये मावतं."

"तू एकदा झाडून बघ ते," इंगा म्हणाली. "मग मनगट चोळत बसशील आणि आम्हालाच बर्फ मागशील. जितकं हलकं, तितका झटका जास्त." मग ती रोवेनाकडे वळली. "दाराला नवी कडी बसवलीस?"

"नाही अजून."

"अंगणात दिवा?"

"नाही गं."

"मग आधी ते कर. हे त्यानंतर. आणि लगेच काही घेऊ नकोस. शनिवारी खडीच्या खाणीवर ये, तिथं चालवून बघ. बूट तरी न घालता घेतेस का?"

रोवेनाने दार दुरुस्त करून घेतले, दिवा लावला आणि शनिवारी गावाबाहेरच्या जुन्या खाणीवर आली. तिथे मातीच्या उंच बांधापुढे कागदी निशाणे लावत. इंगाने कपाटातल्या आम्हा तीन हत्यारांना नेले होते. पहिले ते इवलेसे पिस्तूल. एकाच गोळीत ते रोवेनाच्या हातून निसटायला आले. दुसरे मोठे आणि देखणे होते. पण त्याचा वरचा भाग जोराने मागे ओढावा लागे, आणि पंचवीस वर्षे कणीक मळून रोवेनाची बोटे सांध्यांत सुजलेली होती. तिने तीनदा प्रयत्न केला. मग ओठ घट्ट मिटून ते खाली ठेवले. डोळ्यांत पाणी आले होते, त्याचा दोष तिने वाऱ्याला दिला.

"आता या म्हाताऱ्याला धर," इंगा म्हणाली आणि तिने मला पुढे केले.

रोवेनाचा हात माझ्या मुठीभोवती बसला. मी जड होतो, म्हणून झटका बराचसा मीच पोटात घेतला. माझी चक्री बाजूला उघडली की सहाही घरे समोर दिसत.

"भरलाय की रिकामा, ते डोळ्यांना दिसतं," इंगा म्हणाली.

"हे कळतं मला," रोवेना म्हणाली. "अंड्यांच्या खोक्यासारखं आहे."

इंगा इतकी हसली की तिला कानावरचे झाकण काढून डोळे पुसावे लागले.

तरी रोवेनाने घाई केली नाही. तीन शनिवार ती आली. चौथ्या शनिवारी दुकानात कागदपत्रे भरली, गसने बंदूक विकण्याआधीच्या सरकारी चौकशीचा फोन केला आणि मी तिचा झालो. तेच गिऱ्हाईक पुन्हा काउंटरला टेकलेले. "काय गस, संग्रहालयातलं सामान विकायला काढलंस?"

"तुझ्यापेक्षा तरुण आहे तो," इंगा म्हणाली, "आणि बोलतो कमी."

माझ्यासोबत इंगाने एक लोखंडी, किल्लीची पेटी घ्यायला लावली आणि नियम सांगितले. मला नेहमी भरलेलाच समजायचे. ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे माझे तोंड करायचे नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही. निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघायचे. रोवेनाने हे सगळे पाककृती लिहायच्या कार्डावर उतरवून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले. कार्डाच्या मागच्या बाजूला भोपळ्याच्या ‘पाय’ या गोड पदार्थाची कृती होती.

मित्रांनो, तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. दर शनिवारी आम्ही खाणीवर जायचो. सुरुवातीला रोवेना चाप ओढताना डोळेच मिटायची, आणि गोळ्या बांधातल्या चिखलात जायच्या. "बाई गं, त्या डोंगरानं तुझं काय वाकडं केलंय?" इंगा ओरडायची. हळूहळू डोळे उघडे राहू लागले, श्वास संथ झाला. जानेवारीत एकदा सहाच्या सहा गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसल्या. तो कागद तिने फ्रिजवर लावला आणि सोमवारी शाळेतल्या सगळ्यांना सांगितले. घरी आल्यावर ती मला पुसायची, तेल द्यायची, आणि तेव्हा हार्लनशी बोलायची. एव्हाना रात्री ती पलंगावर झोपू लागली होती.

फेब्रुवारीत तिचा धाकटा भाऊ एल्डन राहायला आला. त्याची बायको जॉयस वर्षापूर्वी कर्करोगाने गेली होती. गुरांचे कुरण त्याला एकट्याला झेपेना, म्हणून ते विकून टाकले होते. उंच, वाकलेला, हातात टोपी फिरवत दारात उभा राहिलेला तो मला आठवतो.

"किती दिवस राहू, रो?"

"गाडीतली बॅग काढ आधी," रोवेना म्हणाली. "दिवस कसले मोजतोस!"

एल्डन आमच्याबरोबर खाणीवर आला. पहिल्याच दिवशी त्याने मला हातात घेऊन असा नेम मारला की इंगाने शीळ घातली. "चांगला आहे गं तुझा म्हातारा," तो बहिणीला म्हणाला. मला फार बरे वाटले. पण मार्च उजाडला तसा त्याने यायचे सोडले. तो जेवायला बसे आणि ताटाकडे बघत राही. आपल्या मासेमारीच्या काठ्या त्याने शेजाऱ्याला देऊन टाकल्या. त्या काठ्यांना तो जॉयसलाही हात लावू देत नसे. मग वडिलांच्या वेळचे खोगीर दिले. एके दिवशी भांडी विसळता विसळता तो म्हणाला, "तू माझं खूप केलंस, रो," आणि त्याचा हा सूर रोवेनाला अजिबात आवडला नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. रोवेना स्वयंपाकघरात मला पुसून नुकतीच पेटीत ठेवत होती. एल्डन खिडकीशी उभा होता. तो वळलाही नाही.

"त्या पेटीची किल्ली कुठे ठेवतेस तू?"

साधाच प्रश्न. पण रोवेनाचे हात थांबले. तिने पेटी बंद केली, किल्ली फिरवली आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. घड्याळाची टिकटिक मला आतून ऐकू येत होती.

"एल्डन, इकडे बघ माझ्याकडे."

तो वळला.

"जीव द्यावासा वाटतोय का तुला?"

असे सरळ विचारता येते, हे मला माहीत नव्हते. एल्डन खुर्ची ओढून धपकन बसला आणि टोपीत तोंड खुपसले.

"दमलोय गं मी," तो म्हणाला. "सकाळी डोळे उघडतात, तेच नको वाटतं."

"कधीपासून?"

"नाताळपासून."

"आणि मी तुला भाजी का संपवत नाहीस म्हणून बोलत बसले." रोवेना त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तोही रडला, तीही रडली. मग तिने नाक पुसले आणि उठून कोट घातला. "चल. ही पेटी किल्लीसकट गसकडे ठेवून येऊ. तुझ्या ट्रकमधल्या दोन बंदुकाही दे. आणि उद्या डॉक्टरकडे. मी सोबत येणार."

"पण तू याच्यासाठी इतकी शिकलीस, रो. घरात काहीच उरणार नाही. चोर आला तर?"

"आला तर नेऊ दे काय न्यायचं ते. मला भाऊ हवाय."

रविवार असल्याने दुकान बंद होते. गस मागच्या दाराने बाहेर आला, पायांत घरातल्या सपाता. रोवेना काही सांगायला गेली, पण त्याने हात वर केला.

"सांगायला नको. ठेवायचंय?"

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"बरं." त्याने एल्डनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. "माझ्याकडे कॉफी आहे. वाईट आहे, पण गरम आहे. बसतोस का?"

एल्डन बसला.

गसने मला मागच्या खोलीतल्या तिजोरीत नेले. खालचा कप्पा उघडला, तेव्हा मी चकित झालो. तिथे मी एकटा नव्हतो. चार पेट्या आणि तीन लांब बंदुका आधीच होत्या, प्रत्येकीला दोऱ्याने कागद बांधलेला, त्यावर फक्त एकेक नाव. त्याही अशाच कुणीकुणी सांभाळायला दिलेल्या होत्या; गस त्या विकत नव्हता. त्याबद्दल तो दुकानात एक शब्दही बोलत नसे.

त्या अंधारात मी महिनोनमहिने पडून होतो. मोज्यांच्या खणातही असाच पडून होतो, तेव्हा मला स्वतःची कीव येई. आता कीव येत नव्हती. मी फक्त कान देऊन ऐके. इंगा तेल द्यायला यायची आणि गसशी बोलायची. एल्डन दर मंगळवारी डॉक्टरकडे जातो. औषध बदलले. मे महिन्यात पुन्हा खूप खचला, रोवेनाने शाळेतून आठवडाभर रजा घेतली. जूनमध्ये तो शेजाऱ्याचे कुंपण बांधायला जाऊ लागला. आणि ऑगस्टमध्ये एक दिवस इंगा हसतच आत आली.

"काल एल्डन रोवेनाशी भांडला म्हणे. कणसं जास्त शिजवली म्हणून."

"भांडला?" गस म्हणाला. "वा!"

नोव्हेंबरात दोघे दुकानात आले. मला आवाजावरूनच कळले. गसने पेटी काउंटरवर ठेवली, पण एल्डनने तीच पुन्हा त्याच्याकडे सरकवली.

"न्यायला नाही आलो. अजून इथंच असू दे. घरी कधी न्यायचा ते आम्ही दोघं मिळून ठरवू. शनिवारी मात्र खाणीवर आण त्याला. हिला माझ्याशी पैज लावायचीय."

"आणि ती जिंकणार आहे," रोवेना म्हणाली.

ती जिंकली नाही, मित्रांनो. पण हरल्यावर तिने भावाला जे सुनावले ते ऐकून मला कळले की घर पुन्हा जागेवर आले आहे. आज या गोष्टीला तीन वर्षे झाली. मी शनिवारी खाणीवर जातो आणि संध्याकाळी गसच्या तिजोरीत परततो.

माझ्यासारखी वस्तू तुम्हाला कुठे दिसली, तर तिला हात लावू नका. तिथून दूर व्हा आणि मोठ्या माणसाला बोलवा. मोठे झाल्यावर कधी घरासाठी अशी वस्तू निवडायची वेळ आलीच, तर ती हातात नीट बसते का ते बघा. पण तिच्यासोबत त्या घरात कोण कोण राहणार आहे आणि त्यांची मने कशी आहेत, हेही दर काही दिवसांनी बघत जा. आणि आपले एखादे माणूस गप्प गप्प झाले, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकू लागले, तर गप्प राहू नका. तुम्ही लहान असाल, तर धावत जाऊन मोठ्यांना सांगा. मोठे असाल, तर त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. रोवेना त्या सकाळी घाबरलेली होती, हे मला ठाऊक आहे. पेटीवर ठेवलेला तिचा हात इतका थरथरत होता की मी आतल्या आत वाजत होतो. तरीही तिने विचारले.