निळ्या चेहऱ्याची लुसी

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला आणि पेंटरमामा थेट चर्चमध्ये गेले. तिथल्या पुतळ्यांना रंग द्यायचं काम चाळीस वर्षं त्यांचं. त्यातली संत लुसी त्यांची लाडकी. तिला ते दर वर्षी नव्याने रंगवत. आता तिला एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच हौस.

बघितलं आणि मामांच्या पायाखालची जमीनच सरकली. लुसीचा चेहरा निळसर होता. निळसर कसला, चांगला निळा! हातातल्या तबकात तिचे दोन डोळे ठेवलेले, तेही जांभळे.

घोटाळा कुठे झाला ते त्यांना लगेच कळलं. मोतीबिंदू वाढत गेला तसं सगळं पिवळट दिसायला लागलं होतं. तो पिवळेपणा मारायला ते गुलाबी रंगात निळ्याचा एक थेंब टाकत, पुढच्या वर्षी दोन. शेवटी तर हात सैलच सुटला होता, आणि वर स्वारी स्वतःवर खूश!

बरं, हे केलं तरी कुणाला? सतराशे वर्षांपूर्वीची ही पोर. ख्रिस्ताला वाहून घेतलं म्हणून लग्नाला साफ नाही म्हणाली, हुंड्यासाठी ठेवलेलं सगळं गोरगरिबांना वाटून मोकळी झाली. ठरलेल्या नवरदेवाचा तिळपापड झाला, त्याने ती ख्रिस्ती असल्याची रोमन अधिकाऱ्यांकडे चुगली केली; तेव्हा तो गुन्हाच होता. तिला ओढायला बैल जुंपले तरी ती जागची हलली नाही म्हणतात. तिचे डोळे काढले, असंही सांगतात. शेवटी तलवारीने मारली. त्या डोळ्यांमुळेच डोळ्यांचं दुखणं असलेली माणसं तिच्याकडे येतात. अशा पोरीच्या तोंडाला मामांनी हे फासलं होतं.

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजपासून ब्रशला हात लावायचा नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. चर्च झाडणाऱ्या मावशी बाकांमधून केर काढत होत्या. रंगांच्या कपाटाची किल्ली मामांनी त्यांच्यापुढे धरली.

"फादरना द्या. मावशी, ही कधीपासून अशी आहे?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"आणि कुणी चकार शब्द काढला नाही?"

"फादर सांगणार होते. आम्हीच अडवलं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी ब्रश फेकून घरी बसला असतात. ओळखत नाही का तुम्हाला?"

"म्हणजे मागून हसत होता."

"पहिल्या वर्षी हसलो, खोटं कशाला बोलू? मग लक्षात आलं, अगं बाई, म्हणजे मामांना दिसत नाहीये! तेव्हापासून इथे जो गुडघे टेकेल तो आधी तुमचे डोळे मागायचा, मग आपलं गाऱ्हाणं. निळं तोंड समोर असल्यावर विसरणार कसं?"

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या.

"अहो, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही ना?" मावशी घाबरल्या.

"बाहेरचं. आतल्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत." त्यांनी किल्ली परत खिशात टाकली.

"मग शिडी आणू? रंगवताय ना?"

"उद्या. आज राहू दे अशीच."

मामांनी बाकाला धरून सावकाश गुडघे टेकले आणि त्या निळ्या चेहऱ्यासमोर गावातल्या एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव मावशींचं होतं.