हवाबाईंनी अडवलेली इमारत

बांधकामावरचे गवंडी तिला हवाबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की हवाबाई. तिला ते माहीत होतं आणि तिची हरकतही नव्हती. तपासनिसाच्या नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला याहून वाईट नावं पडलेली असतात.

शहरानं नवा नियम केला होता: यापुढं उभी राहणारी प्रत्येक इमारत कमी इंधनात उबदार राहिली पाहिजे. धूर कमी, कार्बन कमी. म्हणजे मग घराला फटी नकोत, कारण गारठा आत शिरत राहिला की हीटर अखंड जळत राहतात. या फटी शोधणं हे तिचं काम. घराच्या दाराच्या चौकटीत ती लाल कापडाचा पडदा ताणून बसवायची. पडद्यात एक मोठा पंखा असायचा आणि तो घरातली हवा बाहेर ओढायचा. मग घर जिथं जिथं फुटकं असेल तिथून बाहेरची हवा आत घुसायची आणि शेजारचं यंत्र आकडा दाखवायचं. आकडा मर्यादेत असला तर इमारत पास, नसला तर लोकांना ताबा नाही.

काम सोपं होतं. जड जायची ती माणसं.

त्या हिवाळ्यात तर तिला घरातही माणसंच जड झाली होती. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्यात ती, नवरा आणि सासरे एवढी मंडळी सुखानं राहत होती. मग धाकट्या दिरानं नवीन इमारतीत घर घेतलं, ओलीनं काळं पडलेलं जुनं भाड्याचं घर सोडलं, आणि "वहिनी, दोनच महिने" म्हणत बायको आणि चिमुरड्या मुलीसकट इथं येऊन राहिला. दोन महिन्यांचं वर्ष झालं. बिल्डर आज देतो, उद्या देतो करत राहिला. सकाळी न्हाणीघरापुढं रांग लागायची. बस डेपोत मेकॅनिक असलेला तिचा नवरा खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "घर आपलं आणि नंबर शेवटचा."

जाऊ वाईट नव्हती. कामाला तर वाघ होती. पण एका ओट्यापाशी दोन बायका म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. डबा कुठल्या फळीवर ठेवायचा इथपासून मुलीला खोकला कोणाच्या थंड पाण्यानं झाला इथपर्यंत सगळं गोड आवाजात चालायचं, आणि त्या गोड आवाजानंच हवाबाईंचा जीव दमून जायचा. कामावरून येताना ती बसथांब्यावर उगाच एखादी बस सोडून द्यायची. कोणी बोलत नाही असा तेवढाच काय तो वेळ तिला मिळायचा.

आणि मग नेमकी तीच इमारत तपासणीला आली.

ती साहेबांकडं गेली. "साहेब, यात माझ्या दिराचं घर आहे. दुसऱ्या कोणाला पाठवा."

"दुसरं कोण आहे?" साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक तुम्ही, आणि एक तो, पाठ धरून रजेवर पडलेला. नातं आहे असं लिहून द्या, मी सही करतो. यंत्राला कुठं कळतंय कोण दीर आणि कोण भावजय!"

"यंत्राला नाही कळत. घरच्यांना कळतं."

"ते आमच्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

इमारत जुन्या गोदामांच्या जागेवर उभी होती. आत नव्या रंगाचा वास, जिन्यावर अजून प्लास्टिक अंथरलेलं. साइट इंजिनिअर तरुण होता, पण चेहऱ्यावरून कित्येक दिवस झोपलेला वाटत नव्हता. कुठली घरं तपासायची ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. खालच्या मजल्यांवरची घरं व्यवस्थित निघाली आणि इंजिनिअरनं तिच्यासाठी चहा मागवला. मग ती दोघं सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली, दिराच्या घराच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये.

पंखा सुरू झाला आणि आकड्याआधीच तिच्या कानाला कळलं. खिडकीच्या चौकटीखालून बारीक शीळ येत होती. तिनं धुराची कांडी पेटवून जवळ नेली, तशी धुराची रेघ आडवी होऊन खोलीत पळाली. स्वयंपाकघरात ओट्याखाली, जिथं नळ भिंतीतून बाहेर येतात, तिथं तर कांडी विझायलाच आली. आकडा मर्यादेच्या वर होता. फार नाही, पण वर. तिनं पडदा काढून पुन्हा बसवला, सगळी दारं खिडक्या पुन्हा बघितल्या, पंखा पुन्हा लावला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आपलंच काही चुकलं असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आकडा तोच आला. तिनं त्या मजल्यावरची आणखी दोन घरं बघितली. तिथंही तेच. घाईघाईत त्या मजल्यावरच्या फटी न भरताच वरून पट्ट्या मारल्या होत्या.

"मॅडम," इंजिनिअर तिला खिडकीशी घेऊन गेला. "समोर बघा."

समोर एक जुनी इमारत होती. काही काचांना पुठ्ठे लावलेले, चौकटी वाकलेल्या, आणि प्रत्येक खिडकीआड हीटरचा लालसर उजेड.

"त्या एका इमारतीतून जेवढी ऊब वाया जाते ना, तेवढी माझ्या सगळ्या मजल्यांतून मिळून जाणार नाही. आणि तुम्ही माझ्या बोटभर फटीला धरून बसलाय."

"खरंय तुमचं," ती म्हणाली.

"मग?"

"ती इमारत मला कोणी तपासायला दिली नाही. ही दिली."

त्यानं दाराकडं एकदा बघितलं. मग हळूच म्हणाला, "तुमचंही कोणीतरी आहे ना इथं? ताबा लवकर मिळाला तर तुम्हालाच बरं."

"किती बरं, ते तुम्हाला कळायचं नाही," ती म्हणाली आणि पडद्याचे चाप सोडवायला लागली. नापास लिहिताना तिला राग आला नाही, अभिमान वाटला नाही. फक्त आता घरी जाऊन हे सांगायचं आहे, एवढंच डोक्यात होतं.

त्या संध्याकाळी तिनं दोन बस सोडल्या.

घरी सगळे जेवायला बसले होते. तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "तुमची इमारत पास झाली नाही. वरच्या मजल्याच्या चौकटी आणि नळांच्या जागा उघडून परत भराव्या लागतील. महिना तरी जाईल. जास्तही."

दिराचा घास हातातच राहिला. "नाही झाली म्हणजे? कोणी नाही केली?"

"मी."

"वहिनी, तुम्ही?" तो हसायला गेला, पण हसू उमटलं नाही. "अहो, आधी एक शब्द तरी टाकायचा. आम्ही बिल्डरला सांगितलं असतं. आणि आमचा मजला तर तो नव्हेच! वरच्यांच्या खिडक्यांनी आम्हाला काय होतंय?"

"इमारत एक आहे, भाऊजी. पास झाली तर सगळी, नाही तर नाही."

जाऊ मुलीला भरवत होती. तिनं मान वर केली नाही. "तुम्ही कशाला वाद घालताय? ताईंना आम्ही इथं नको आहोत, ते मला केव्हाच कळलंय. पण आमचं तिथंही झालेलं बघवत नसेल, असं नव्हतं वाटलं."

हे मात्र हवाबाईंना लागलं. वर्षभर जिभेला लावलेलं कुलूप तिथंच तुटलं.

"तुम्ही इथून जावं असं मला वाटतं का? वाटतं! रोज वाटतं. सकाळी उठल्यावर वाटतं, भांडी घासताना वाटतं. त्या चाव्यांची तुझ्यापेक्षा जास्त घाई मला आहे. आज पंखा लावला तेव्हा देवाला हात जोडले मी, की बाबा रे, आकडा बरा येऊ दे. नाही आला. मी काय करू? खोटा लिहू?"

नवरा ताटाकडं बघत बसला. सासरे, ज्यांना एरवी अर्धंच ऐकू यायचं, त्यांनी नेमकं हे सगळं ऐकलं होतं. "वाढ जरा," ते जावेला म्हणाले, "आणि हिलाही पान घे. बाहेरून आलीय ती."

जावेनं पान घेतलं. वाढलं. पण त्यानंतर ती हवाबाईंशी बोलेनाशी झाली. जे काही सांगायचं ते मुलीला सांगायची. "काकूला म्हणावं पाणी आलंय." "काकूला विचार, डाळ संपलीय का." मुलीला अजून धड बोलता येत नव्हतं, पण हवाबाई तिथंच असायची, त्यामुळं निरोप आपोआपच पोचायचे. नवऱ्यानं एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन डेपोत जादा पाळी मागून घेतली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर माणसं उभी होती, त्याच इमारतीत घरं घेतलेली. कोणाकडून तरी त्यांना पत्ता लागला होता. त्यांच्यात एक म्हातारं जोडपं होतं, एक औषधाचा दुकानदार होता, आणि पोटुशी असलेली एक शिक्षिका, जी सगळ्यांच्या आधी आत येऊन न विचारता खुर्चीवर बसली. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. घरात आता पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"मॅडम, भांडायला नाही आलो," दुकानदार म्हणाला, आणि लगेच भांडायला लागला. "नियम गरिबालाच का? आमची मुलंबाळं कुठं ठेवायची? तुमचं काय जातंय एक सही करायला? की बिल्डरकडून काही यायचं राहिलंय?"

हवाबाईंना उत्तरं माहीत होती. नियम का आहे, फट म्हणजे काय, पुढची तीस-चाळीस वर्षं ती फट काय करत राहील, हे तिनं कितीतरी बांधकामांवर कितीतरी लोकांना समजावून सांगितलं होतं. आज ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून जाऊ बाहेर आली. पदराला हात पुसत.

"काय म्हणालात? बिल्डरकडून?" ती दुकानदाराला म्हणाली. "तुमच्या खालीच माझं घर आहे, ओळखलंत का? दुसऱ्या मजल्यावर. मी यांची सख्खी जाऊ. गेलं वर्षभर या घरात बाडबिस्तरा टाकून पडलेय. हे न्हाणीघर, हा ओटा आणि एवढी माणसं. आम्हाला इथून घालवायला यांच्याइतकं उतावीळ कोणी नसेल. परवा माझ्या तोंडावर सांगितलंय यांनी!"

म्हातारी हसली. दुकानदार नाही हसला.

"आम्ही गळ्यात पडलेलो असून यांनी आम्हाला सोडलं नाही," जाऊ म्हणाली. "तर तुम्हाला काय सोडतील? जा, त्या बिल्डरच्या दारात जाऊन बसा. पट्ट्या त्यानं मारल्यात, यांनी नाही. मीही येते. थांबा, चप्पल घालते."

आणि ती खरंच गेली, मुलीला दिराच्या हातात देऊन. सगळी वरात तिच्यामागं जिना उतरली. शिक्षिका तेवढी बसून राहिली, कारण तिला चालवत नव्हतं. हवाबाईंनी तिला पाणी दिलं, मग चहा दिला, आणि दोघी बराच वेळ काही न बोलता बसल्या.

संध्याकाळी जाऊ परतली ती घसा बसवूनच. बिल्डरनं त्याच आठवड्यात माणसं लावायचं कबूल केलं होतं. "ताई," ती मुलीच्या मार्फत न जाता सरळ म्हणाली, "मी तुमची बाजू घेतली असं समजू नका. मला अजून राग आहे."

"असू दे," हवाबाई म्हणाली. "मलाही आहे."

चौकटी उघडल्या गेल्या, फटींत घट्ट होणारा फेस भरला गेला, नळांभोवती रबरी कडी बसली. या वेळी साहेब स्वतः आले, पाठीला पट्टा बांधलेला तो दुसरा तपासनीसही आला, आणि पंखा त्यानं लावला. हवाबाई बाहेर जिन्यात बसून राहिली. आकडा मर्यादेच्या बराच आत आला. इंजिनिअरनं तिच्याकडं बघून हात जोडले. ते आभार होते की सुटका, तिला कळलं नाही.

दीर-जाऊ गेले त्या दिवशी तिला वाटलं होतं की आपण नाचू. प्रत्यक्षात ती दुपारी आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली. न्हाणीघर रिकामं होतं. नवरा म्हणाला, "करमत नाही गं." ती म्हणाली, "मला करमतंय," आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

हिवाळा सरत आला तेव्हा जावेनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. घर खरंच उबदार होतं. हीटर जवळजवळ बंद होता आणि मुलगी एका झबल्यावर फिरत होती. तिचा खोकला गेल्याचं जावेनं दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा दुसरीकडं बघत. जेवणं झाल्यावर दिरानं वर्तमानपत्र पुढं केलं. त्याला सांगावं की नाही कळत नसावं, पण राहवलंही नव्हतं.

"वहिनी, हे वाचलंत?"

तिनं ऑफिसातच वाचलं होतं. बिल्डर मंडळींच्या आग्रहावरून शहराच्या सभेनं मर्यादा सैल केली होती. नव्या मर्यादेत तो वरचा मजला पहिल्याच दिवशी पास झाला असता.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. सासरेसुद्धा.

"म्हणजे ते सगळं...," दिराला वाक्य पुरं करवेना.

"वाचलं," ती म्हणाली. जाऊ उठली, तिनं दिराच्या हातातून वर्तमानपत्र काढून घेतलं आणि घडी घालून बाजूला टाकलं. "पुरे करा," ती त्याला म्हणाली. "ताई, भात घ्या ना थोडा."

"घाल," हवाबाई म्हणाली.

परतताना सासरे दोघांच्या मध्ये सावकाश चालत होते. रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत पुठ्ठे लावलेल्या खिडक्यांआड हीटर पेटले होते. नवऱ्यानं विचारलं, "आता काय करणार?"

"काय करायचं? उद्या पुलापलीकडं जायचंय. तिथं दोन इमारती तयार झाल्यात."

"नव्या मर्यादेनं?"

"नव्या मर्यादेनं." थोडं चालून ती म्हणाली, "जरा हळू चला. बाबांना दम लागतोय."

दम खरं तर तिलाच लागला होता. सासऱ्यांनी ते ओळखलं असावं, कारण ते थांबले आणि भिंतीला टेकून, जणू त्यांनाच गरज असल्यासारखे, चांगला वेळ उभे राहिले.