दोन घरची पाहुणी

“त्यांच्यातली सागुती वरपून आली आसंल. आता आमचं दूध कशाला ग्वाड लागतंय हिला,” पुतळाबाई मांजराच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटल्या.

मांजर बशीशी बसलं होतं. वाकलं, दुधाला जीभ लावली आणि चटका बसावा तसं मागं सरलं. मान झटकली, पंजानं गाल घासला आणि पाठ फिरवून उन्हाकडं निघून गेलं. पुतळाबाईंची सून ज्योत्स्ना मागच्या ओट्यावर भांडी घासत हे सगळं बघत होती. पण बघणाऱ्याला दिसतंच असं नाही.

वालचंदनगरच्या त्या जुन्या क्वार्टरींची मागची अंगणं एकमेकींना चिकटलेली. मधे कमरेएवढी भिंत. अलीकडं पुतळाबाई, त्यांचा मुलगा भानुदास आणि ज्योत्स्ना. पलीकडं नईम आणि त्याची बायको सबिना. मांजर भिंतीवर राहायचं. अलीकडं उतरलं की ती भुरी, पलीकडं उतरलं की बेगम. दोन्ही नावांना ओ द्यायची आणि दोन्हीकडं जेवायची. असा तिचा कितीतरी वर्षांचा सुखाचा संसार.

“काकी, तुमच्याकडं दूध ढोसून येती आन् आमच्याकडं नखरे करती,” सबिना भिंतीवरून म्हणायची.

“तुझ्यातलं मटान सोडून माझ्या दुधाला कोण इचारतंय बाई,” पुतळाबाई म्हणायच्या.

मांजर वाळत गेलं. म्हातारं झालंय, असं दोन्ही घरांनी ठरवलं. ते तिकडं जेवतं, या समजुतीवर दोन्ही घरं निवांत झोपली.

मग एका दुपारी सबिनाला उशीच्या अभ्र्यावर लाळ दिसली, लाळेत रक्ताचा धागा. तिनं मांजराचं तोंड जवळ घेतलं आणि वासानं मान मागं नेली. दुसऱ्या दिवशी नईमच्या गाडीतून, उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत रांगत, सगळे बारामतीच्या दवाखान्यात. पुतळाबाईसुद्धा. टोपलीवर त्यांचा हात होता.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून बॅटरी मारली. “मागच्या दाढा सडल्यात. हिरड्या बघा कशा झाल्यात. हिला भूक आहे, खाता येत नाही. जिभेला काही लागलं की कळ येते, म्हणून ती ताटापासून पळते.”

नखरे हा शब्द दोन्ही घरांनी इतक्या वेळा वापरला होता. दवाखान्यात तो कुणाच्याच तोंडून निघाला नाही.

“आठवडाभर औषध द्या. तोवर पोटात अन्न गेलं पाहिजे. ताकद आली की भूल देऊन दाढा काढू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिकन उकडून मिक्सरमधून अगदी गंधासारखं करायचं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कोमट द्यायचं, म्हणजे वास सुटतो आणि खावंसं वाटतं. पसरट ताटली, जरा उंचावर, मान वाकवायला नको. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. “बळजबरीनं घशात ओतू नका, ठसका लागेल. आणि खात नसली तर लगेच फोन करा, थांबू नका. उपाशी राहिलं की मांजर आतून लवकर खचतं.”

परत येताना वाटणी झाली. सकाळ पुतळाबाईंची, संध्याकाळ सबिनाची.

ज्योत्स्नानं सगळं नीट केलं. पाट मांडून त्यावर ताटली ठेवली, मनगटावर थेंब टाकून रस्सा बघितला, लहान पोराचं दूध बघतात तसा. औषधाची वेळ पाळली. पुतळाबाई शेजारी फतकल मारून बसल्या. भुरी आली, हुंगलं, एकदा जीभ लावली आणि मान झटकून मागं सरली. पुतळाबाईंनी बोटावर घेऊन पुढं केलं. तिनं बोट हुंगलं आणि तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं त्यांच्या ओंजळीतला रस्सा दोन-चार वेळा चाटला. तेवढंच.

“काकी, खाल्लं का?” भिंतीवरून आवाज आला.

“खाल्लं की,” पुतळाबाई म्हणाल्या. “चाटूनपुसून.”

ज्योत्स्नानं सासूकडं पाहिलं. पुतळाबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही.

त्यांच्या लहानपणी गाव त्यांच्या आईच्या हातचं पाणी घेत नव्हतं. त्या हे कधी बोलून दाखवायच्या नाहीत. पण घरी आलेलं माणूस घोटभर चहा न घेता गेलं, की दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागायचं नाही. सबिना नवी नवरी म्हणून आली, तेव्हा भिंतीवरून हात पुढं करून तिनं त्यांची गरम भाकरी मागून घेतली होती. त्या दिवसापासून ती त्यांची. त्या सबिनाला कसं सांगणार, की आता मांजरसुद्धा माझ्या हातचं टाकतं? ज्योत्स्नाला हे समजलं, आणि समजलं म्हणून ती गप्प बसली. समजूतदारपणा सोयीचा असला की माणूस लगेच समजूतदार होतं.

संध्याकाळी सबिना भिंतीपाशी आली. “आमच्याकडंबी चांगलं खाल्लं, ताई. वाटी रिकामी केली.”

“बरं झालं,” ज्योत्स्ना म्हणाली आणि तिला खरंच हायसं वाटलं. तिकडं खाते ना, मग जगेल. आपल्याकडं नाही खात तर नाही. ताटलीतलं उरलेलं तिनं जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि वर माती सारली.

पुढंही तसंच चाललं. सकाळी इकडून “खाल्लं”, संध्याकाळी तिकडून “खाल्लं”. डॉक्टरीणबाईंचा नंबर ज्योत्स्नाच्या मोबाईलमध्ये होता. खात नसली तर फोन करा, असं त्या म्हणाल्या होत्या. पण खाते तर, तिकडं.

मग एकदा वाळलेले कपडे काढताना ज्योत्स्नाला भिंतीपलीकडं सबिना दिसली. पाठमोरी. वाटीतलं चिकन बोटानं निपटून ती अंगणातल्या कोंबड्यांना घालत होती. मांजर तिच्या पायाशी डोळे मिटून बसलं होतं, हनुवटीला लाळ. वाटी रिकामी झाल्यावर सबिनानं पदरानं डोळे पुसले.

ज्योत्स्ना चादरीआड उभी राहिली. म्हणजे मांजर कुठंच खात नव्हतं. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? तू खोटं का बोललीस, असं? तिनं ‘तुमचं काय?’ विचारलं तर? ज्योत्स्ना चादर घेऊन घरात आली आणि तिची घडी घालत बसली. तीन वेळा घातली. चादर एकच होती.

“आत्या,” ती शेवटी सासूला म्हणाली, “भुरी तिकडंबी...”

“उद्या दवाखान्यात न्यायची हाय,” पुतळाबाईंनी मधेच तोडलं. “तितं बघतील की.”

सकाळी सगळे पुन्हा गाडीत बसले. नईम आपला उत्साहात होता. त्याला दोन्हीकडून ‘खाल्लं’ एवढंच ठाऊक होतं. “आज दाढा काडल्या की आमची बेगम पुन्ना मटनाच्या नळ्या फोडंल,” तो म्हणाला.

“भुरी,” पुतळाबाई म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मांजर काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा ठेवलं. “वजन उतरलंय. खाते ना?”

“खाते,” सबिना म्हणाली.

“दोन्ही वेळा?”

“व्हय,” ज्योत्स्ना म्हणाली. आपलाच आवाज तिला कुणीतरी मागून बोलल्यासारखा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. हाडं मोजता आली असती. “विचित्र आहे. हे बघा, पोटात अन्न जात असेल तर आज भूल देऊन दाढा काढते, दुखणं संपेल. पण जात नसेल तर आज भूल देता येणार नाही. आधी सलाइन लावून, नळीनं अन्न देऊन ताकद आणावी लागेल. उपाशी अंगाला भूल दिली तर हे मांजर उठायचं नाही. म्हणून पुन्हा विचारते. खाते का?”

नईमनं बायकोकडं पाहिलं. “सांग की. खाती की ती.”

सबिनानं मान खाली घातली. टेबलावर भुरीनं डोळे किलकिले करून तिघींकडं बघितलं आणि पुन्हा मिटले. डॉक्टरीणबाईंची मदतनीस सुई भरायला वळली.

पुतळाबाईंनी पुढं होऊन टेबलाची कड धरली.

“थांबा, बाई,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं ती खात न्हाय. पयल्या दिसापासनं न्हाय.”