भुताला पैकीच्या पैकी

उत्तरं तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरचं हिरवं वर्तुळ पानभर उत्तराला जितका वेळ फिरे, तितकाच वेळ कोऱ्या उत्तरालाही फिरत होतं. वाचणाऱ्याला लांब मजकूर वाचायला जास्त वेळ लागतो. मग हे वर्तुळ नक्की काय करत होतं?

शाळेच्या सभागृहात हा प्रश्न फक्त मलाच पडला असावा. पालक खुर्च्यांवर मावत नव्हते. उरलेले भिंतीशी उभे राहून माना उंचावत होते. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस माइक धरून रंगात आला होता.

"माणूस थकतो, चिडतो, मर्जीतल्या पोरांना झुकतं माप देतो. आमची कृत्रिम बुद्धिमत्ता? लाखो उत्तरं पचवलीत तिनं! मुलाच्या मनातलं ओळखते!"

"अंतर्ज्ञानीच म्हणायची," पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले. टाळ्या पडल्या.

मागून शिंपीणबाई उठल्या. त्यांच्या मुलीला यंत्रानं विज्ञानात नापास केलं होतं आणि विज्ञान शाखेच्या प्रवेशाची यादी आजच लागणार होती. "अहो, घरी हीच मला सगळं समजावून सांगते. नापास कशी?"

"ताई, आईच्या मायेला यंत्रात रकाना नाही," कंपनीचा माणूस म्हणाला. सभागृह हसलं. मुलीनं मान खाली घातली.

मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुलीची वर्गशिक्षिका म्हणून निकाल आल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते, की या मुलीचं उत्तर एकदा स्वतः वाचा. दर वेळी त्या म्हणत, "बघू." आताही त्या समोरचा पाण्याचा ग्लास न्याहाळत होत्या.

मी पुढे गेले. "एक उत्तर तपासून दाखवाल?"

"एक काय, दहा टाका, बाई!"

प्रश्न परीक्षेतलाच होता. ओलं फडकं गुंडाळलेली बाटली थंड का राहते? मुलीची उत्तरपत्रिका माझ्या हातात होती. तिचं उत्तर मी आधी टाइप केलं, 'फडक्यातलं पाणी उडून जातं. उडायला लागणारी ऊब ते बाटलीकडून घेतं.' यंत्रानं शून्य दिलं.

मग मी टाइप केलं, 'बाष्पीभवन, उष्णता, रेणू, पृष्ठभाग यांचा इथे काडीचाही संबंध नाही. बाटलीत भूत बसतं आणि आतून फुंकर मारतं.'

वर्तुळ फिरलं. पैकीच्या पैकी. खाली शेरा आला: 'संकल्पना उत्तम समजली आहे.'

"भूत पास झालं की हो!" आजोबा ओरडले.

"अपवाद असतो एखादा..." कंपनीचा माणूस म्हणाला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं विज्ञान मला पुरतं. भुताच्या जागी चेटकीण घातली, गुण तेच. फक्त 'बाष्पीभवन' खोडलं, गुण घसरले.

"हे वाचत नाही," मी म्हणाले. "नमुना उत्तरातले शब्द सापडले की गुण देतं. खरं ना?"

"म्हणजे... जुळणी करतं," तो पुटपुटला.

"आणि त्याची सोय आपणच केली. नमुना उत्तरातले अधोरेखित शब्द वर्गात घोकून घेतले. घोकणारे पास झाले, समजलेली नापास. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. एक शब्द बदला आणि स्वतः बघा. गुण का दिले हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती पोरांचं भविष्य देऊ नका."

दारातून लिपिकानं विचारलं, "मॅडम, यादी लावू?"

मुख्याध्यापिकांनी माझ्या हातातली उत्तरपत्रिका घेतली. मुलीचं उत्तर ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"लावू नका," त्या म्हणाल्या. "यंत्राचे सगळे गुण रद्द. उत्तरपत्रिका आणा. आपण वाचू."